बॉम्बहल्ल्यात खून लपवता येतो का?

प्रश्न असा आहे: 1940-41 च्या, जर्मन विमानं बॉम्ब टाकत होती त्या काळातल्या लंडनवर रहस्यकथा लिहायची आहे, खुनी प्रेत बॉम्बहल्ल्याच्या बळींत खपवतो, हे पटेल का?

पटेल की! तसं घडलंच होतं. एप्रिल 1941 मध्ये हॅरी डॉबकिन नावाच्या माणसानं बायकोचा, रेचेलचा, खून केला आणि बॉम्बनं उद्ध्वस्त झालेल्या चर्चच्या तळघरात फरशीखाली तिला पुरलं. तो शेजारच्याच इमारतीवर, बॉम्बनं कुठं आग लागते का हे बघायला, राखणीवर होता. जुलै 1942 मध्ये पाडकाम करणाऱ्या मजुरांना सांगाडा सापडला. हल्ल्यातलाच कुणीतरी, असं आधी वाटलं. पण बॉम्बनं मेलेला माणूस स्वतःवर चुना टाकून फरशी लावून घेत नाही! गळ्याच्या कूर्चेला इजा होती, म्हणजे गळा दाबलेला. दंतवैद्याच्या नोंदीवरून ओळख पटली, 1943 मध्ये फाशी झाली. चुन्यानं प्रेत नष्ट होईल आणि आपण वाचू असं खुनी समजत होता, उलट चुन्यानंच गळ्याचा पुरावा टिकवला. कादंबरीत हे जरूर वापरा, फक्त नावं बदला.

तारखा सांभाळा. सलग 57 रात्री हल्ले झाले ते 7 सप्टेंबर 1940 पासून. दिवेबंदी, म्हणजे विमानांना शहर दिसू नये म्हणून रात्री उजेड बंद, मात्र वर्षभर आधीचीच.

अंधार कसा लिहायचा? आमच्या बेळगावात खडे बाजारात लाईट गेली की समोरचा माणूस चपलेच्या आवाजावरनं ओळखावा लागतो. तुमच्या साक्षीदारालाही चेहरा दाखवू नका, आवाजच ऐकवा.