‘मला इथून ने’ असं आई कानात म्हणाली

ताई, माझी आई ७९ वर्षांची. अर्धांगवायूनंतर चौदा महिने एका शुश्रूषा केंद्रात आहे. विसराळूपणही वाढलंय. गेल्या महिन्यात तिच्या दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग दिसले. तिथल्या प्रमुख बाई म्हणाल्या, ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, नुसता हात लागला तरी उमटतं.’ रात्रपाळीच्या मावशी खोलीत आल्या की आई बोलता बोलता गप्प होते. एकदा कानात म्हणाली, ‘ती मारते. मला इथून ने.’ दुसऱ्या दिवशी विचारलं तर तिला काहीच आठवेना. भाऊ म्हणतो, तक्रार केलीस तर राग आईवरच निघेल. मी उगाच संशय घेतेय का?

प्रिय मैत्रिणी,

नाही, उगाच नाही. पुरावा हातात येईपर्यंत थांबायचं असा कुठलाही नियम नाही. तुम्हाला जे दिसलं आणि ऐकू आलं, तेवढं चौकशी मागायला पुरेसं आहे.

आधी गोळीबद्दल. त्या औषधानं डाग लवकर पडतात हे खरं आहे, आणि वयानं त्वचाही पातळ होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरच्या माणसांना सहज लागून पडलेल्या डागांची नोंद ठेवली होती. जवळपास ९० टक्के डाग हातापायांवरच होते. मानेवर, कानांवर, नितंबांवर किंवा तळपायांवर एकही नव्हता. म्हणजे नुसत्या दंडावरच्या डागांवरून निकाल देता येणार नाही. पण दोन्ही दंडांवर सारख्या उंचीला, एका बाजूला अंगठ्याएवढा आणि दुसऱ्या बाजूला बोटांसारखे तीन-चार डाग असतील, तर कुणीतरी घट्ट धरल्याची शक्यता मोठी. कदाचित उचलताना दंडाला धरून ओढलं असेल, कदाचित रागानं दाबलं असेल. घाई असो की राग, ते थांबायलाच हवं. आणि रंगावरून डाग किती जुना ते ठरवू नका. पहिल्या दिवशीच पिवळा दिसणारा डागही असतो. म्हणून दिसल्याक्षणी, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, तारखेसकट.

दुसऱ्या दिवशी आईला आठवलं नाही, म्हणून तिचं बोलणं खोटं ठरत नाही. अशा आजारात प्रसंग पुसला जातो, त्याची भीती मात्र अंगात राहते. मावशी आल्या की गप्प होणं ही तीच भीती असू शकते. तिच्याशी एकांतात बोला. ‘मावशींनी मारलं का?’ असं विचारू नका. ‘रात्री काय झालं?’ एवढंच विचारा आणि थांबा. ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. शेजारी तारीख, वेळ आणि त्या पाळीला कोण होतं तेही लिहा.

भेटायला जाल तेव्हा हातापायांना क्रीम लावून द्या. तिला बरं वाटेल आणि तुम्हाला अंग बघता येईल. टाचा, माकडहाड आणि कंबरेच्या दोन्ही बाजू नक्की बघा. तिथे न जाणारा लालसरपणा असेल, तर वेळेवर कूस बदलली जात नसावी. पाण्याचा पेला कुठे ठेवलाय? लुळ्या हाताच्या बाजूला असेल, तर दिवसभर पाणी समोर असूनही ती तहानलेली राहते. घंटी हाताला येते का, डायपर किती वेळ ओला राहतो, वजन उतरतंय का, भरदिवसा गुंगीत असते का, हेही पाहा. गुंगी असेल तर औषधांची पूर्ण यादी मागा आणि नवी गोळी कुणी, कशासाठी सुरू केली ते विचारा. मारहाणीपेक्षा हे हळूहळू चालणारं दुर्लक्ष जास्त वेळ लपून राहतं, म्हणून इतकं सविस्तर सांगतेय.

आता भावाची भीती. ती खोटी नाही, पण गप्प राहिल्यानं आई सुरक्षित होत नाही. ज्यांना विचारणारं कुणी नसतं, त्यांच्यावर हात उचलणं सोपं असतं. म्हणून तुम्ही दोघं आणि आणखी एक-दोन नातेवाईक वेळ न सांगता, आलटून पालटून जा. जेवणाच्या वेळी जा, रात्रपाळी सुरू होताना जा. जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेल्या आकडेवारीनुसार अशा संस्थांमधल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी, वर्षभरात आपल्या हातून कुणा वृद्धाला काही ना काही त्रास दिला गेल्याचं कबूल केलंय. ओरडणं, हाकेला ओ न देणं हेही त्यात आलं. थकलेली, एकटीवर वीस माणसांचा भार असलेली बाईही असं वागू शकते. मला तिच्याबद्दल कळवळा आहे. तरी तुमच्या आईला तिच्या हाती एकटं सोडायला मी सांगणार नाही.

त्या मावशींना स्वतः जाब विचारू नका. बाहेरच्या डॉक्टरांकडून आईला तपासून घ्या आणि त्यांना दिसलं ते लेखी मागा. मग केंद्रप्रमुखांना लेखी तक्रार द्या, पोच घ्या. नेमकं मागा: चौकशी होईपर्यंत त्या मावशी आईजवळ एकट्या नसाव्यात, आईला उचलताना दोघीजणी असाव्यात, आणि चौकशी कोण करणार, उत्तर कोणत्या तारखेला देणार ते कळवावं. टोलवाटोलवी झाली तर अशा केंद्रांना परवाना देणारं किंवा तपासणी करणारं कार्यालय, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, पोलिस, असं वर जा. खोलीत लपवून कॅमेरा ठेवायचा विचार असेल तर आधी वकिलांना विचारा. शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या खासगीपणाचाही प्रश्न आहे. ताजी जखम दिसली, आई थरथरत असली किंवा जागीच होत नसली, तर यातलं काही करत बसू नका. तिला तिथून थेट दवाखान्यात हलवा आणि पोलिसांना कळवा.

पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण ‘मीच तिला तिथे ठेवलं’ हे ओझं तुमच्या मनावर असणार. लकवा झालेल्या माणसाची चोवीस तास शुश्रूषा एकटीनं होत नाही. तुम्ही तिला टाकलं नाहीत. डाग तुम्हालाच दिसले, कारण तुम्ही जात होतात.

राहिलं तिचं दुसरं वाक्य, ‘मला इथून ने.’ त्याचं उत्तर चौकशीतून मिळणार नाही, ते तुम्हाला आणि भावालाच द्यावं लागेल. या आठवड्यात दोघं मिळून दुसरी दोन केंद्रं पाहून या, शक्यतो रात्री आठनंतर.