माठ रिकामा होतो, तरी बाबा सुकत चालले

एप्रिलअखेर नागपूरच्या मानेवाड्याहून एका सुनेचा फोन आला. सासरे ६२ वर्षांचे. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले, पोटावर तात्पुरती इलिओस्टोमी, म्हणजे मळ पोटावरच्या पिशवीत जायची वाट. "पाणी तर दिवसभर देऊनच राहिलो जी, माठ संपून जाते. तरी पिशवी पाण्यासारखी भरून राहिली. पोटऱ्यांत गोळे येतात, उठलं की अंधारी येते. कॅन्सर परत तर नाही आला ना, मॅडम?"

ही लक्षणं कॅन्सर परतल्याची नाहीत, शरीरातलं मीठ आणि पाणी निघून चालल्याची आहेत. इलिओस्टोमीत लहान आतड्याचा भाग पोटावर काढतात, म्हणजे ऑपरेशनमध्ये केलेली आतड्याची खालची जोडणी भरून येईपर्यंत तिच्यावरून मळ जात नाही. पण त्यामुळे मोठं आतडंही वापराबाहेर राहतं, आणि लहान आतड्यातून उरलेलं पाणी व सोडियम शोषायचं काम त्याचंच. नुसतं पाणी ढोसलं की लहान आतड्यातून उलट सोडियम त्या पाण्यात उतरतं, मागोमाग आणखी पाणी येतं आणि सगळं पिशवीत जातं. उसाचा रस, कोल्ड्रिंक, गोड सरबत यांनी तर पिशवी अजूनच धो धो वाहते.

घरी सुट्टीच्या कागदावर एकच ओळ होती: 'भरपूर पाणी प्या.' इलिओस्टोमीच्या पेशंटसाठी ही ओळ खोडूनच टाकावी. नागपूरच्या उन्हात तर ती जास्तच महागात पडते.

पिशवीत दिवसाला किती येतं, हे घरात कोणीच मोजलं नव्हतं. सुनेला पिशवी रिकामी करताना मापाच्या मगात ओतून आकडा लिहायला सांगितलं, पण त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं हेही बजावलं. अंधारी, गोळे, गडद आणि कमी लघवी असताना २४ तास मोजत बसायचं नसतं. तिथे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं निघालं, सलाइन लागलं. बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध होतं, ते डॉक्टरांनी थांबवलं. हे औषध चालू असल्याचं घरच्यांनी आधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

भरती असताना मोजमाप झालं : २४ तासांत २१०० मिली. इलिओस्टोमी रुळल्यावर दिवसाला ५०० ते १००० मिली ठीक धरतात. १५०० च्या वर गेलं की डॉक्टरांना कळवायचंच.

घरी आल्यावरचं गणित डॉक्टरांनी घालून दिलं. साधं पाणी, चहा सगळं मिळून दिवसाला एक लिटर. त्याशिवाय एक लिटर ओआरएस, घोट घोट, दिवसभर. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवायचं; सून चमचा-चमचा काढून ग्लासात घालत होती, त्यात प्रमाण कधीच जुळत नाही. पाकिटावर डब्ल्यूएचओ सूत्र लिहिलेलं बघायचं. टेट्रापॅकमधल्या गोड पेयांत साखर जास्त, सोडियम अगदी कमी. जेवणात मीठ जरा सढळ; बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते विचारूनच. लोपेरामाइड डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, पण ते जेवणानंतर घेतलं जाई. जेवणाआधी अर्धा तास घेतलं तर आतड्याची गती वेळेत मंदावते.

"मग जेवणच कमी करू का?" नाही. भात, दहीभात, केळं, बटाटा यांनी मळ घट्ट होतो. उपाशी राहिलं तर पिशवी रिकामी दिसते, पण जखम भरायला लागणारी ताकद येत नाही.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. पूर्ण भरू दिली तर वजनाने कातडीला चिकटवलेली चकती सुटते, मळ कातडीवर उतरतो आणि आग होते. पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा, म्हणजे पोटावरचं आतड्याचं तोंड, आक्रसतो, म्हणून दर वेळी मापून, चकतीला दोन-तीन मिलिमीटर मोठंच भोक कापायचं.

शेवटचा प्रश्न नागपूरचाच. "संत्री द्यायची का जी?" फोड चोखून चोथा टाकायचा. पहिले दोन महिने पांढरे धागे, मक्याचं कणीस, ओलं खोबरं नको, आतडं तुंबतं. पिशवीत चार-सहा तास काहीच आलं नाही आणि पोटात कळा, उलटी असेल, तर रात्र असली तरी इमर्जन्सीतच न्यायचं.