काँटेसा हवीच आहे, पण तिसरा हप्ता चुकवून नको

पत्राचा सारांश: वय ४४, खासगी नोकरी, हातात महिन्याला १ लाख १५ हजार. पत्नी घरी शिकवण्या घेतात, मुलगी दहावीत, ७१ वर्षांची आई सोबत. घरकर्ज ३८ लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के. मुदत ठेव ५ लाख. बँकेतून घेतलेली एक विमा पॉलिसी: वर्षाला २ लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ४४ लाख. दोन हप्ते भरलेत, तिसरा पुढच्या महिन्यात आहे. १९९५ची काँटेसा क्लासिक (हिंदुस्थान मोटर्सची जुनी गाडी), १.८ इसुझू इंजिनाची, साडेसहा लाखांना मिळते आहे. ‘ठेवीतले साडेचार आणि या वर्षीचा हप्ता न भरता ते दोन, असे साडेसहा जमतात. पुढच्या वर्षी दोन्ही हप्ते एकदम भरीन. विक्रेता म्हणतो, पाच वर्षांत किंमत दुप्पट होईल. शनिवारपर्यंत २५ हजार टोकन मागतो आहे. देऊ का?’

टोकन देऊ नका. गाडीबद्दल पुढे लिहितोच, पण आधी तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: ‘विमा आहेच, २० लाखांचा.’ तो विमा म्हणजे हीच पॉलिसी, आणि त्या वाक्याची मला काळजी वाटते. घरातली मुख्य कमाई तुमची. उद्या तुम्हाला काही झालं तर ते २० लाख घरकर्जालाही पुरत नाहीत. १८ लाख कर्ज उरतं आणि घरखर्चाला शून्य.

आता तिसरा हप्ता चुकवला की काय होतं ते बघा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते. ती संपली की पॉलिसी पेड-अप होते, म्हणजे दहापैकी दोनच हप्ते भरले म्हणून विम्याची रक्कमही दोन दशांश. २० लाखांचे ४ लाख! पुढच्या वर्षी दोन्ही हप्ते एकदम भरून ती जागी करता येते, पण व्याजासकट आणि तब्येतीचा नवा तपशील देऊन. तुम्ही रक्तदाबाची गोळी सुरू झाल्याचं लिहिलंय. तेव्हा कंपनी हो म्हणेलच, हे गृहीत धरू नका. म्हणजे गाडीच्या हौसेपायी वर्षभर घर ४ लाखांच्या विम्यावर ठेवायचं. हे मला अजिबात मान्य नाही.

पॉलिसीचा परतावाही एकदा नीट बघा. एकूण २० लाख भरायचे, ४४ मिळायचे. तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून २.२ पट होतो. हे वर्षाला जेमतेम सव्वापाच टक्के झाले. बँकेतल्या माणसाने ‘एफडीसारखंच, फक्त करमुक्त’ असं सांगून ही विकली. एफडी मोडली तर मुद्दल जात नाही. इथे दोन हप्त्यांनंतर बाहेर पडलात तर किमान हमी भरलेल्या रकमेच्या ३० टक्क्यांची, म्हणजे ४ लाखांतले १ लाख २० हजार. घरकर्ज असलेल्या, मुख्यतः एकाच्याच कमाईवर चालणाऱ्या घराला हे गळ्यात मारणं चूक आहे, आणि ते रोज होतं म्हणून मला जास्त चीड येते.

बुडाले ते बुडाले असं धरून पुढचाच हिशोब केला, तर चालू ठेवण्याचा परतावा साधारण साडेसहा टक्के येतो. तुमचं कर्ज साडेआठचं आहे. दोन लाख पॉलिसीत घालण्याऐवजी कर्जात घातले तर दोन टक्के तिथेच वाचतात. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची असेल तर नव्या नियमांमुळे विशेष समर्पण मूल्य (पॉलिसी मध्येच सोडल्यावर मिळणारी रक्कम) ३० टक्क्यांपेक्षा बरं असू शकतं. कंपनीकडून आकडा लेखी मागवा, तोंडी ऐकू नका.

पण आज पॉलिसी सोडू नका. आधी टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा साधा विमा. रक्कम अशी काढा: कर्ज ३८ लाख, घरखर्च महिना ५० हजार धरून पंधरा वर्षांचे ९० लाख, मुलीच्या शिक्षणाचे २०. म्हणजे दीड कोटी. तुमच्या वयाला, रक्तदाब धरून, वर्षाला ४० हजारांच्या आसपास हप्ता समजा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. अर्जात गोळीचं नाव, मात्रा, केव्हापासून, सगळं लिहा. हप्ता चार-पाच हजारांनी वाढला तर वाढू दे. लपवलेली गोळी नेमकी दावा करताना बाहेर येते, आणि तेव्हा कागद घेऊन धावायला तुमच्या पत्नी एकट्या असतात. वैद्यकीय तपासणीला वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात करा. नवी पॉलिसी हातात आली की जुनी सोडा. सवलतीचे ३० दिवस संपेपर्यंत ती आली नाही, तर तिसरा हप्ता भरून टाका, जीव कितीही तुटला तरी.

ठेवीला हात लावायचा नाही. कर्जाचा हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च ८५-९० हजार आहे, म्हणजे ५ लाख हे जेमतेम सहा महिन्यांचं बळ. आरोग्य विमा फक्त ऑफिसचा आहे आणि आईचं वय ७१, तेव्हा तेही बळ कमीच आहे.

आता गाडी. साडेसहा लाख किंमत, पहिल्या वर्षी टायर, ब्रेक, रेडिएटर, वायरिंग यांना दोन लाख, शिवाय बंद पार्किंग, विमा, पेट्रोल, किरकोळ काम मिळून वर्षाला ७० हजार. पाच वर्षांत बारा लाख. किंमत खरंच दुप्पट होऊन १३ लाखांना विकली, तरी पाच वर्षांनी हातात एक लाख जास्त. गुंतवणूक म्हणून ती घेऊ नका. आवडते म्हणून घेणार असाल तर ते कारण पुरेसं आहे, त्याला परताव्याची जोड कशाला?

गाडी ‘विंटेज’ आहे, हा मुद्दाही विक्रेत्याने उगाच घातलाय. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हावी लागतात. ही गाडी २०४५ला तिथे पोचेल. तोवर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि आरसी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या कारच्या आरसी नूतनीकरणाचं शुल्क २०२५च्या नियमांप्रमाणे १० हजार आहे, शिवाय पर्यावरण कर. मुदत उलटलेली असेल तर दर महिन्याला ५०० रुपये उशिराचे. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः वाचून पडताळा; अनेक काँटेसांत मधल्या काळात दुसरंच इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर त्याची नोंद नसते.

सुट्या भागांचं दुखणं लोक समजतात तिथे नसतं. इंजिनाचं बरंचसं काम लेथवर होतं, क्लच प्लेटला नवं अस्तर बसतं, रेडिएटर नव्याने भरून मिळतो. (सुरुवातीच्या १.५ लिटरच्या काँटेसाला अँबॅसडरचंच इंजिन होतं, तिची चिंता त्याहून कमी. इसुझूला थोडी जास्त शोधाशोध.) अडतं ते काचेवर, टेललाइटवर, दारांच्या रबर बीडिंगवर, पुढच्या चार दिव्यांच्या रिंगांवर, डॅशबोर्डवर. उत्पादन २००२ला थांबलं, हे भाग सहसा कोणी नव्याने काढत नाही. पुढची काच एका खड्यानं फुटली की गाडी महिनोन् महिने ताडपत्रीखाली. विम्याचाही आधार थोडा: दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर आणि रबर-प्लास्टिकवर निम्मी घसारा कपात होते, तीही सर्वंकष विमा मिळाला तर.

म्हणून अपुरी गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पुढे कधी बघायला जाल तेव्हा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून दारांखालच्या पट्टीवर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा सडलाय आणि वर लांबी (पुट्टी) भरलीय. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचला, डिकीतला स्टेपनीचा खड्डा बघा, पाणी तिथेच साचतं. गाडी फार काळ उभी असेल तर चाकांतल्या ब्रेक सिलिंडरांची रबरं चिकटलेली असतात. ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) जुने फ्युएल पाइप आणि पंपाचा पडदा खातं. ते दोन्ही पहिल्याच आठवड्यात बदलावे लागतील.

जुनी पॉलिसी सुटली की टर्मचा हप्ता वजा जाता वर्षाला १ लाख ६० हजार मोकळे होतात. त्यातले ६० हजार गाडीसाठी वेगळ्या आवर्ती ठेवीत, बाकीचे घरकर्जात. पॉलिसी सोडून मिळालेले १ लाख २० हजारही पहिल्याच दिवशी कर्जात टाका, गाडीत नाही. मुलगी बारावी होईपर्यंत गाडीच्या खात्यात सव्वा लाख जमतील, साडेसहा नाही. तोवर पगारवाढीतला हिस्सा त्यात वाढवत न्या. इतकी वर्षं थांबवत नसेल तर प्रीमियर पद्मिनीचा विचार करा. २०२३पर्यंत ती मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती, त्यामुळे तिचे कारागीर आणि भाग अजून मिळतात.

विक्रेत्याला शनिवारी फोन करून नाही सांगा. त्याआधी टर्मचा अर्ज गेलेला असू दे.