डिझेलमध्ये पाणी : विक्रेत्याच्या आश्वासनाने मुदत वाढत नाही

प्रश्न : माझी एक यांत्रिक नौका आहे, दापोली तालुक्यात. तांडेल (नौकेचा कप्तान) मीच, सोबत चार खलाशी. मासेमारी बंदी उठल्यावर ४ ऑगस्ट २०२४ रोजी डिझेल भरले आणि त्याच फेरीत इंजिन भर समुद्रात बंद पडले. दुसऱ्या नौकेने ओढून बंदरात आणले. डिझेलमध्ये पाणी होते, असे मेकॅनिक म्हणाला. त्या डिझेलचा नमुना मात्र ठेवलेला नाही. दुरुस्तीला पावणेतीन लाख गेले. विक्रेता अजून ‘बघू, देऊ’ म्हणतोय. भरपाई मिळेल का?

उत्तर : आधी तारीख बघा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार ग्राहक आयोगाकडे दाखल व्हायला हवी. तुमची मुदत ४ ऑगस्ट २०२६ला संपते. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाने ती एक दिवसही पुढे सरकत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी आयोगाने मुदत स्वतःहून तपासायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितले आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. पण ‘देतो म्हणाले म्हणून थांबलो’ हे कारण आयोग मान्य करीलच असे नाही. किनाऱ्यावरून अशी पत्रे दर हंगामात येतात आणि सगळ्यांनी गोड बोलण्यावर भरवसा ठेवून वेळ घालवलेला असतो. याचा मला खरोखर राग येतो.

नमुना ठेवला नाहीत, हे फार वाईट केलेत. पाणी डिझेलपेक्षा जड, ते फिल्टरच्या तळाशी साचते. तेवढे काचेच्या बाटलीत काढून खलाशांसमोर सील केले असते, तर आयोगाला ते प्रयोगशाळेत पाठवता आले असते. आता गंजलेले इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) भंगारात गेले नसतील तर जपा. मेकॅनिकचा सहीचा जबाब घ्या. त्याच दिवशी तिथेच डिझेल भरलेल्या दुसऱ्या कुणाचे इंजिन अडले होते का, विचारा. किती डिझेल कधी उचलले, हे मच्छीमार सोसायटीच्या डिझेल कोट्याच्या नोंदीत सापडेल. पंपाची त्या दिवसाची डिझेलच्या घनतेची नोंदवही हजर करण्याचा आदेश आयोगाकडे मागा. बंदीच्या दोन महिन्यांत पाणी तुमच्याच टाकीत शिरले, असे विक्रेता म्हणणार. त्यावर निकाल कुठे झुकेल, हे आज सांगता येत नाही.

नौका धंद्याची म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असाही आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेला माल असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. एक-दोन मदतनीस घेऊन स्वतः राबणाऱ्याला न्यायालयांनी ग्राहक मानले आहे. तुमचे खलाशी चार, तेव्हा थोडा वाद होईल. स्वतः तांडेल असल्याचे कागद जोडा.

तक्रारीचे शुल्क नुकसानीवर नाही, डिझेलला मोजलेल्या किमतीवर ठरते. पाच लाखांपर्यंत ते शून्य. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या आयोगात चालते आणि ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर घरून भरता येते. निकाल तीन ते पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे धरून चाला. मेकॅनिकचा जबाब मिळायला वेळ लागत असेल तर त्याच्यासाठी थांबू नका. तो नंतर जोडण्याची परवानगी मागता येते. तक्रार या आठवड्यात भरा.