सीडी वाया का जाते? लिनक्सवाल्यांचे प्रश्न

सीडीचा जमाना गेला म्हणतात. गेला असेल, पण सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात अजून कुणी ना कुणी वाया गेलेल्या सीडींचा गठ्ठा घेऊन येतंच. कोर्टाला सीडी लागते, भजनी मंडळाला लागते, फोटो स्टुडिओला लागते, आणि जुन्या हिशेबांच्या प्रती काढणाऱ्या कारखानदारांना लागते. या खेपेला आलेले प्रश्न उबंटू, मिंट आणि डेबियन वापरणाऱ्यांचे आहेत. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि मी वेगळं सांगितलं नसेल तर सगळी छोटी.

प्रश्न : ताई, मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. सीसीटीव्हीचं चित्रीकरण सीडीवर दाखल करायचं आहे आणि सोबतच्या प्रमाणपत्रात हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहायचा आहे. आयएसओ फाइलचा (अख्ख्या सीडीचा मजकूर एकाच फाइलीत) शा-२५६ हॅश एक येतो, आणि तीच फाइल सीडीवर राइट करून ड्राइव्हवरून हॅश काढला की भलताच येतो. कधी कधी तर शेवटी 'इनपुट/आउटपुट एरर' म्हणून थांबतं. सीडीचा ब्रँड बदलून पाहिला, फरक नाही. प्रत्येक सीडीवरचा व्हिडिओ मात्र व्यवस्थित चालतो. दोष कुणाचा?
— एक वकील, सोलापूर

उत्तर : मॅडम, व्हिडिओ चालतो हे तुम्ही शेवटी लिहिलंत, पण उत्तर तिथंच आहे. सीडी चांगल्या आहेत, टाकून देऊ नका.

सीडीवर माहिती २०४८ बाइटच्या सेक्टरांत बसते. 'ट्रॅक ॲट वन्स', म्हणजे एकेक ट्रॅक वेगळा लिहायच्या पद्धतीनं राइट केलं की ट्रॅक संपताना लेझर बंद होतो, आणि तिथं ड्राइव्ह आपल्या पदरचे दोन सेक्टर सोडतो. त्यांत तुमचं काहीच नसतं आणि ते धड वाचताही येत नाहीत. ट्रॅकच्या लांबीत मात्र ते धरले जातात. तुम्ही 'अख्खी सीडी वाच आणि हॅश काढ' असं सांगता, लिनक्स इमानदारीनं शेवटपर्यंत जातं आणि त्या दोन सेक्टरांवर अडखळतं. काही प्रोग्राम शेवटी कोरे सेक्टर भर म्हणूनही घालतात. एक बाइट जरी जास्त वाचला गेला तरी हॅश पार बदलतो.

तेव्हा मोजून वाचायचं. आधी 'एलएस -एल' देऊन आयएसओ फाइलचे नेमके बाइट बघा आणि २०४८ नं भागा. समजा फाइल ४१,२८,७६,८०० बाइटची आहे, तर २,०१,६०० सेक्टर झाले. भागाकारात बाकी उरता कामा नये. उरली तर आयएसओ फाइलच अर्धवट आहे, सीडीकडं जायचंच नाही. मग सीडी एकदा बाहेर काढून परत घाला. ही पायरी गाळू नका. सीडी कोरी असतानाची लांबी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) डोक्यात राहिलेली असते. त्यानंतर :

डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर० बीएस=२०४८ काउंट=२०१६०० | शा२५६सम

इथं आलेला हॅश आणि आयएसओ फाइलचा हॅश जुळला की सीडी तंतोतंत उतरली. नाही जुळला, तर मात्र ती सीडी खरोखर बाद.

पुढच्या वेळी 'डिस्क ॲट वन्स', म्हणजे अख्खी सीडी एका दमात लिहायची पद्धत, निवडा. के-थ्री-बी या सीडी राइट करायच्या प्रोग्राममध्ये रायटिंग मोडच्या यादीत ते डीएओ म्हणून असतं, आणि वोडिम (तेच काम आज्ञा देऊन करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर '-डीएओ' लिहा. मग ते दोन सेक्टर पडतच नाहीत. मल्टिसेशनही (नंतर भर घालता यावी म्हणून सीडी उघडी ठेवणं) बंद ठेवा. सेशन उघडं राहिलेली सीडी तुमच्या मशीनवर दिसेल आणि कोर्टातल्या जुन्या ड्राइव्हवर दिसणार नाही, आणि ते कळणार नेमकं तारखेला.

अजून एक, कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, मी फक्त यंत्राच्या बाजूनं बोलते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं जे प्रमाणपत्र आलं, त्यात हॅश आणि तो कुठल्या पद्धतीनं काढला हे दोन्ही लिहायचं असतं. तो हॅश मूळ व्हिडिओ फाइलचा आहे, की अख्ख्या आयएसओचा, हे आधी ठरवा. व्हिडिओ फाइलचा असेल तर वरची भागाकाराची खटपटच नको. सीडी माउंट करा (म्हणजे तिच्यावरच्या फाइली दिसतील अशी जोडा), तिच्यावरच्या त्या फाइलवर शा२५६सम चालवा, झालं. फाइलचं नाव किंवा तारीख बदलल्यानं हॅश बदलत नाही. आतला मजकूर बदलला तरच बदलतो.

प्रश्न : माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जॅकार्डची डिझाइनं आणि जुनी बिलं मी सीडीवर उतरवून ठेवतो. लॅपटॉपला यूएसबीचा बारीक रायटर लावला आहे. वाचायला काही अडचण नाही, राइट करायला घेतलं की सुरुवातीलाच 'पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर'. दुकानदार म्हणतो लिनक्सवर हा रायटर चालत नाही, विंडोज टाका.
— एक कारखानदार, अक्कलकोट रोड

उत्तर : विंडोज टाकून काही होणार नाही, पैसे वाचवा.

राइट करण्याआधी ड्राइव्ह सीडीच्या अगदी आतल्या कडेला थोडंसं लिहून बघतो आणि या सीडीला लेझर किती जोरात मारावा लागेल ते ठरवतो. ही चाचणीच फसली की वरचा निरोप येतो. कारणं दोनच संभवतात : लेझरला पुरेशी ताकद मिळत नाही, किंवा सीडीच तो लेझर नीट घेत नाही.

तुमच्या बाबतीत मी आधी पहिलं धरेन. वाचायला लागते त्यापेक्षा लिहायला वीज बरीच जास्त लागते. यूएसबी २ च्या पोर्टमधून नियमानं ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. ड्राइव्ह उलटा करून खालचं स्टिकर वाचा. तिथं ५ व्होल्टच्या शेजारी बहुतेक एक अँपिअरपेक्षा मोठा आकडा दिसेल. म्हणून तर अशा काही ड्राइव्हांबरोबर दोन तोंडांची केबल येते. ते दुसरं तोंड लोक 'जास्तीचं' म्हणून कपाटात टाकतात! ते शोधा आणि दोन्ही तोंडं लावा. केबल हरवली असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब आणा. लांबलचक एक्स्टेन्शन केबल काढून टाका.

खात्री करायची असेल तर वोडिमला '-डमी' द्या. यात सगळी प्रक्रिया खरी होते, फक्त लेझर लिहीत नाही, त्यामुळं सीडी कोरीच राहते. डमी पार पडली आणि खरं राइट फसलं, तर दोष वीज, लेझर किंवा सीडी यांपैकी एकात. डमीच मधे तुटली तर केबल किंवा पोर्ट. तेव्हा लगेच 'डीमेसेज' (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी एवढीच अक्षरं) देऊन शेवटच्या ओळी बघा. तिथं यूएसबी डिव्हाइस रिसेट झाल्याची ओळ असेल तर केबल बदला.

आता सीडीचं. सीडी बनवणारी मोझर बेअर ही कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. तेव्हापासून नवी पेठेत जो माल मिळतो तो किती जुना आणि कुठं पडून होता हे दुकानदारालाही सांगता येत नाही. कोऱ्या सीडीतला रंगाचा थर उन्हानं आणि उष्णतेनं खराब होतो. तुमच्या कारखान्यावर पत्रा असणार आणि मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. कोऱ्या सीडी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, घरी कपाटात ठेवा. रायटरसुद्धा मागांच्या खोलीत उघडा ठेवू नका. सुताचं बारीक तूस ट्रेमधून आत जातं आणि लेन्सवर बसतं. हवेचा ब्लोअर हळू मारा, फडक्यानं लेन्स घासू नका.

आणि फसलेल्या त्याच सीडीवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका. चाचणीसाठीची जागा साधारण शंभर वेळांपुरतीच असते, आणि अर्धवट लिहिलेला भाग पुसता येत नाही. बिलांची आणि डिझाइनांची आणखी एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवाच. एकट्या सीडीच्या भरवशावर कारखान्याचा हिशेब ठेवणं मला पटत नाही.

प्रश्न : के-थ्री-बी म्हणतं रायटर सापडला नाही. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन चालवलं की सापडतो. कायम रूटनंच चालवू का?
— विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : नको. 'ग्रुप्स' ही आज्ञा द्या. यादीत 'सीडीरॉम' नसेल तर स्वतःला त्या ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या. डेबियन-उबंटूत ग्रुपचं नाव हे आहे, आर्चमध्ये 'ऑप्टिकल'. आणि ड्राइव्ह सापडतो पण 'बिझी' म्हणत असेल, तर डेस्कटॉपनं सीडी आपणहून माउंट केलेली असते. अनमाउंट करा, इजेक्ट नव्हे.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो सीडीवर दिले. फाइलींना मराठी नावं दिली होती. गिऱ्हाइकाच्या विंडोजवर सगळ्या नावांच्या जागी अंडरस्कोअर! शिवाय फाइल मॅनेजर ७२० एमबी दाखवत होता आणि सीडी ७०० ची, तरी मावलं कसं?
— फोटोग्राफर, बाळीवेस

उत्तर : सीडीची मूळ पद्धत, आयएसओ ९६६०, ही १९८८ सालची. तिच्या सगळ्यात कडक पातळीवर नावात फक्त मोठी रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर चालतात, तेही आठ अधिक तीन. आपली 'नंदीध्वज' तिथं कुठं बसणार? त्यावर दोन तोडगे निघाले : युनिक्सवाल्यांसाठी रॉक रिज आणि मायक्रोसॉफ्टचं जोलिएट. विंडोज रॉक रिजकडं बघतच नाही, त्याला जोलिएट लागतं. तुमच्या सीडीवर तेच नव्हतं.

जेनआयएसओइमेज (आयएसओ फाइल बनवणारी आज्ञा) वापरत असाल तर '-जे' आणि '-आर' दोन्ही द्या (यातला जे मोठ्या लिपीतला, आर छोट्या) आणि '-इनपुट-कॅरसेट' पुढं यूटीएफ-८ लिहा. ब्राझेरो किंवा के-थ्री-बी असेल तर जोलिएटची खूण केली आहे का ते बघा. जोलिएटमध्ये नाव ६४ चिन्हांपर्यंत, आणि आपली काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. 'सिद्धेश्वर' आपल्याला चार अक्षरं वाटतात, सीडीला ती दहा आहेत. 'श्री सिद्धेश्वर यात्रा नंदीध्वज मिरवणूक होम मैदान' इतकं लांबलचक लिहाल तर ४९ चिन्हं तिथंच संपतात, पुढं क्रमांकाला थोडीच जागा उरते. आणि गिऱ्हाईक सीडी टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घालणार असेल तर सरळ रोमन नावं द्या. त्या डब्यात देवनागरी फॉन्ट नसतो, नुसते चौकोन दिसतात.

७२० चं कोडं सोपं आहे. ८० मिनिटं, सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे ३,६०,००० सेक्टर. त्यातून सुरुवातीची दोन सेकंदं वजा. वोडिमला '-एटिप' विचारलंत तर बहुतेक सीडींवर शेवट ३५९८४९ ला दाखवतो. गुणिले २०४८ केलं की ७३ कोटी ६९ लाखांवर बाइट होतात. सीडीवरचा ७०० हा आकडा १०२४ च्या पटीतला, आणि तुमचा फाइल मॅनेजर हजाराच्या पटीत मोजतो. त्याच्या हिशेबानं ७३० पर्यंत बिनधास्त भरा.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या भजनांच्या एमपी-थ्री फाइली सीडीवर टाकल्या. देवळातला जुना सीडी प्लेअर ती सीडी घेतच नाही. पुन्हा पुन्हा पुसता येते म्हणून आरडब्ल्यू सीडी आणली होती. वेग किती ठेवावा? आणि वर देवाचा फोटो छापून स्टिकर लावला तर चालेल ना?
— भजनी मंडळ, शुक्रवार पेठ

उत्तर : माउली, तुम्ही फाइलींची सीडी केली, गाण्यांची नाही. जुन्या प्लेअरला एमपी-थ्री म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. त्याला ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टीरिओ असा कच्चा आवाज हवा. के-थ्री-बी मध्ये 'न्यू ऑडिओ सीडी' निवडा आणि एमपी-थ्री त्यात ओढा, रूपांतर तेच करतं. बसतील मात्र फक्त ८० मिनिटं. तुमचा काकडा दोन सीडींवर जाईल.

आरडब्ल्यू परत करा. साधी सीडी-आर निदान ६५ टक्के प्रकाश परत फेकते, आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५. जुन्या प्लेअरच्या डोळ्याला ती दिसत नाही, यात तुमचं काही चुकलं नाही. इथंही डिस्क ॲट वन्स ठेवा आणि ट्रॅकमधला दोन सेकंदांचा खंड शून्य करा, नाहीतर गजर ऐन रंगात असताना मधेच शांतता होते.

वेग जितका कमी तितकं चांगलं, हे सरसकट खरं नाही. ४८ पटीच्या आजच्या सीडी अगदी हळू लिहायला बनवलेल्याच नसतात. १६ ठेवा. जुना प्लेअर कुरकुरला तर ८ करून बघा.

स्टिकर नको. प्लेअरमध्ये फिरताना कडा सुटली तर सीडी आतच अडकते, आणि कागद एका बाजूला जरा जड झाला तरी ती डगमगते. बॉलपेनही नको. माहितीचा थर आपण समजतो तसा खालच्या चकचकीत बाजूला नसतो, वरच्या छापील बाजूच्या पातळ लाखेखाली असतो. खालून त्याला १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं कवच आहे, वरून जवळजवळ काहीच नाही. सीडीसाठी मिळणारा मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि मधल्या पारदर्शक कड्यावर मंडळाचं नाव लिहा. फोटो कव्हरवर लावा.