म्हशीच्या चिकावर करिअर होतं का?

मंगळवेढ्याच्या एका वडिलांचं पत्र आलंय. घरी सात पंढरपुरी म्हशी, मुलगी बारावी सायन्सला. मागे म्हैस व्याली तेव्हा आजी म्हणाली वार (पिल्लाला पोटात पोसणारा, व्याल्यावर बाहेर पडणारा भाग) पडल्याशिवाय रेडकाला पाजायचं नाही, पण पोरीने ऐकलं नाही, लगेच आचळाला लावलं. आता म्हणते जनावरांच्या रक्ता-दुधातल्या अँटीबॉडीवरच, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांवरच शिकणार. वडील विचारतात, "ह्यात पोट भरतं का, का शिकवून परत गोठ्यातच?"

दादा, आधी हे सांगते की पोरगी बरोबर होती. गाई-म्हशीत आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी वारेतून पोटातल्या पिल्लाकडे जातच नाहीत, जे काही संरक्षण मिळतं ते चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातून, आणि रेडकाचं आतडं त्या अँटीबॉडी जशाच्या तशा रक्तात घेतं ते फार तर पहिले 24 तास, त्यातही सुरुवातीचे काही तास सगळ्यात मोलाचे. वार पडायला कधी आठ-दहा तास जातात. तेवढा वेळ उपाशी राहिलेलं रेडकू पुढे हगवणीने गेलं की आपण नशिबाला बोल लावतो. खरवस जरूर करा, पण आधी त्याचं पोट भरू दे.

आता ह्यातलं काम. वहिनी पनीरसाठी दूध फाडतात तेव्हा चोथा खाली बसून पिवळसर निवळ पाणी उरतं ना, लॅबमध्येही जवळपास तेच, मशीनवर फिरवून साय काढायची, थेंबथेंब ॲसिड घालून पीएच (आंबटपणाचं माप) 4.6 वर आणला की केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, खाली बसतं आणि अँटीबॉडी त्या पाण्यात राहतात, फक्त उकळायचं नाही, उष्णतेने त्या बिघडतात. रक्ताचं त्याहून सोपं, नळी नुसती उभी ठेवली की गाठ आकसते आणि वर गवती रंगाचा सीरम, म्हणजे रक्तातलं निवळ पाणी, सुटतो. त्यात थंडीत हळूहळू अमोनियम सल्फेट हे मीठ घातलं की पांढरा गढूळपणा येतो, त्यातच अँटीबॉडी असतात. पुढे प्रोटीन जी (अँटीबॉडीला धरून ठेवणारं प्रथिन) भरलेल्या नळीत, म्हणजे कॉलमवर, त्या चिकटवून धुऊन शुद्ध काढतात.

हे नुसतं पुस्तकी नाही हो. बेरिंग आणि किटासातो ह्यांनी 1890 मध्ये दाखवलं की लस टोचलेल्या जनावराच्या सीरमने दुसऱ्याचा धनुर्वात आणि घटसर्प (माणसांचा, म्हणजे डिप्थेरिया) रोखता येतो, आजही सापाच्या विषावरचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तातूनच बनतं. दुधात ब्रुसेला ह्या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी आहेत का बघायला त्याचेच रंगवलेले मेलेले जंतू दुधात टाकतात, असल्या तर वर येणारी साय निळी पडते. गाभण जनावरं गाभडतात आणि माणसालाही ताप लावतो तोच हा रोग, म्हणून असं काम जाणणारी माणसं डेअरीलाही लागतात, लस कंपन्यांनाही आणि सरकारी रोगनिदान लॅबलाही.

रस्ते दोन. जनावर हाताळायला आवडत असेल तर नीट ही प्रवेश परीक्षा देऊन बीव्हीएससी (जनावरांच्या डॉक्टरची पदवी), इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, आपल्याला शिरवळ आणि उदगीर ही कॉलेजं जवळची, आणि पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं. नळी-पिपेटच जास्त आवडत असेल तर सोलापुरातच बीएससी मायक्रोबायोलॉजी करा, मग जॅम किंवा गॅट-बी ह्या प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएससी, आणि नेट-जेआरएफ ही संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा निघाली तर पीएचडी करताना महिना 37,000 फेलोशिप. हा रस्ता लांबचा आहे, नुसत्या बीएससीवर पगार कमीच मिळतो, हे आत्ताच सांगून ठेवते. पण तुमच्या मुलीने आजीसमोर उभं राहून जे केलं ते मार्कशीटवर दिसत नाही, मला त्याचं फार कौतुक वाटलं.

बारावीचा पेपर झाला की तिला गावच्या जनावरांच्या डॉक्टरांबरोबर आठवडाभर फिरू द्या, मानेच्या शिरेतून रक्त काढताना जवळ उभी राहू दे. घरी आल्यावर ती म्हशीबद्दल बोलते का नळीतल्या सीरमबद्दल, ते ऐका आणि मला कळवा, मग फॉर्म कुठला भरायचा ते ठरवू.