थायलंडचा कासोटा, सोमवारचा पिवळा अन् हत्तीवाली पँट

प्रश्न: ताई, दिवाळीनंतर आम्ही दोघं अन् सासूबाई बँकॉकला चाललोय. फोटोत थाई बायका जरीच्या कपड्यात, मुकुट घालून दिसतात, रोज असंच राहतात का? सासूबाई नऊवारीच नेसतात, लोक बघत बसतील का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: नाही हो, रोज कोण बसतं एवढं नटून! ते बहुतेक भाड्याचे कपडे असतात, वाट अरुण देवळाच्या आसपास दुकानंच आहेत, कपडे, दागिने, केस सगळं करून देतात, अन् 2018 मध्ये एक ऐतिहासिक मालिका गाजली तेव्हापासून तर थाई पोरीपण हौसेनं असे फोटो काढायला लागल्या. रोजचं म्हणाल तर टीशर्ट, जीन्स, ऑफिसला शर्ट-पँट. कॉलेजच्या पोरांना मात्र युनिफॉर्म असतो, मुलींना पांढरा शर्ट अन् काळा स्कर्ट, हे आपल्याला जरा नवलच वाटतं.

सासूबाईंचं म्हणाल तर बघतील लोक, पण वेगळ्या कारणानं. थाई लोकांकडेही कासोटा होता! चोंग क्राबेन म्हणतात त्याला. न शिवलेलं लांब कापड, मागून कंबरेभोवती घेऊन दोन्ही टोकं पुढं आणायची, गाठ मारायची, मग उरलेली टोकं एकत्र गुंडाळून पीळ द्यायचा अन् तो पायांमधून मागं नेऊन कंबरेत खोचायचा, वरून पट्टा. बाया अन् पुरुष दोघंही हेच नेसायचे, राजवाड्यातसुद्धा. मग गेलं कुठं? तर पंतप्रधान फिबून सोंगक्राम यांना देश "मॉडर्न" दाखवायचा होता, 1941 मध्ये त्यांनी फतवाच काढला की चारचौघात उघड्या अंगानं किंवा नुसतं कापड गुंडाळून फिरायचं नाही, बायांनी स्कर्ट घालावा, डोक्यावर हॅट हवी. कपड्याची फॅशन आपोआप बदलली असती तर वेगळं, पण हॅट नाही म्हणून बाईला सरकारी ऑफिसातून परत पाठवणं म्हणजे अतीच झालं ना! आता चोंग क्राबेन नाचात, लग्नात, नाटकात दिसतो. खेड्यात बायांचं पा सिन, म्हणजे नळीसारखं शिवलेलं लुगडं, अजून चालतं, इसानकडचं, म्हणजे ईशान्य थायलंडचं, मुदमी रेशीम तर बघण्यासारखं, धागे विणायच्या आधीच बांधून रंगवतात. पुरुषांचा चौकटीचा पा खाओ मा पण टिकून आहे, आंघोळीला, डोक्याला, कंबरेला, बाळाचा झोका बांधायलासुद्धा तोच.

प्रश्न: तिथं वाराप्रमाणे रंग घालतात म्हणे?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर: वारांचे रंग ठरलेत, सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, शुक्रवार निळा, पण रोज कोणी काटेकोर पाळत नाही. आधीचे राजे भूमिबोल सोमवारी जन्मले, म्हणून 2006 मध्ये त्यांच्या कारकिर्दीला 60 वर्षं झाली तेव्हा जिकडेतिकडे पिवळे शर्ट. पुढं पिवळे (राजनिष्ठ) विरुद्ध लाल (माजी पंतप्रधान थाकसिन यांच्या बाजूचे) असं राजकारण पेटलं अन् लोक रंग जपून घालायला लागले.

जाता जाता मानेवाड्याच्या ताईंसाठी: ग्रँड पॅलेसमध्ये, म्हणजे बँकॉकच्या राजवाड्यात, शॉर्ट्स, बिनबाह्यांचं चालत नाही, नऊवारीला काही अडचण नाही. आणि ती हत्तीच्या चित्रांची ढगळ पँट मुख्यतः टुरिस्टांची हो, त्यात चीनहून आलेला मालही भरपूर. इसानमधल्या कोराट शहरवाल्यांनी तर चिडून की हौसेनं माहीत नाही, हत्तीऐवजी मांजरीच्या चित्रांची पँट काढलीय. यजमानांनी शॉर्ट्सच नेल्या असतील तर पॅलेसबाहेर ही हत्तीवाली पँट मिळतेच.